पॅकिंग कोणी बसवलं

“मिस्त्री समोर हाय. गाडीचं बोला.”

हे वाक्य वहिनी मान वर न करता म्हणायच्या. गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात उभं राहायचं, आत डोकवायचं, यांच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं आणि विचारायचं, “मिस्त्री कुठं गेले?” त्यावर हे ठरलेलं उत्तर. उत्तर देताना हातातल्या चिंधीनं एकेक बोट पुसणं चालू असायचं. पाची बोटं पुसून होईपर्यंत त्या माणसानं गाडीचं काही सांगितलं नाही, तर त्या पुन्हा बॉनेटखाली वाकायच्या. मग तो तिथं तासभर उभा राहिला तरी त्यांच्या लेखी दारात कोणी नव्हतं.

अकोल्यात मुख्य रस्त्याला लागून जुन्या गॅरेजांची एक रांग होती. पंधरा-सोळा टिनाची शेडं, पुढं तेल पिऊन काळी कुळकुळीत झालेली जमीन. त्यातलं शेवटून दुसरं यांचं. रांगेतले सगळे त्यांना वहिनी म्हणत, कारण गॅरेज मुळात नवऱ्याचं. नवऱ्याची नजर साखरेच्या आजारानं गेली. त्यानंतर सहा वर्षं तो खुर्चीवर बसून इंजिनाचा आवाज ऐकायचा, आणि हात यांचे चालायचे. मग तो वारला. हात चालूच राहिले. पाटीवर मात्र नवऱ्याचंच नाव होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांचं काम अख्ख्या बाजाराला ठाऊक असतं आणि नाव कुठंच लिहिलेलं नसतं.

त्या रागीट होत्या. लोक म्हणतात, वरून रागीट, आतून प्रेमळ. तसलं काही नव्हतं. त्या आतूनही रागीट होत्या. पण त्यांचा राग माणसापेक्षा कामावर असायचा, नीट न केलेल्या कामावर. त्यांच्या फळीवर लोणच्याची एक जुनी काचेची बरणी होती आणि तिच्यात रबरासारखे मऊ, रंगीबेरंगी तुकडे भरलेले. मला आधी वाटलं, काही औषध असेल. तो सिलिकॉनचा लेप होता. इंजिनाचे दोन भाग जोडताना मधे जो पातळ कागदी तुकडा बसवतात, त्याला मिस्त्री लोक पॅकिंग म्हणतात. ते कापून बसवायचा कंटाळा आला की लोक ट्यूब पिळून लेप फासतात. दुसऱ्यांनी फासलेला असा लेप खरवडून त्या त्या बरणीत टाकायच्या. कोणी घाई केली की बरणी पुढं करायच्या. “हे पाहा. हेच पायजे असन तर बाजूले जा. लेपाचं काम नाई इथं.”

एकदा दर्यापूरकडून एक जीपवाला आला होता. सवारी भरून आणली होती, रेडिएटरमधून वाफ निघत होती. यांनी झाकण उघडलं तर आतलं पाणी पिवळंधमक.

“हे काय टाकलं?”

“हळद, वहिनी. रेडिएटर गळत होतं. हळदीनं भोक बुजते म्हणतात.”

“हळद लावली,” त्या म्हणाल्या. “आता अक्षता टाका अन् घेऊन जा नवरीले.”

जीपमधल्या बायका हसल्या. जीपवाला हसला नाही, कारण त्या हसत नव्हत्या. त्यांनी त्याला भर उन्हात पाचदा बादलीनं पाणी आणायला लावलं, रेडिएटर धुववून घेतलं, आणि मगच कामाला हात लावला.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो बाबांच्या गाडीमुळे. माझे वडील दर्यापूरला एका जिनिंगच्या मालकाकडे ड्रायव्हर होते. मालकाची हौसेनं घेतलेली एक विलायती गाडी होती, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, लांब नाकाची. पळायसाठी बनवलेली गाडी, आणि आमच्याकडचे रस्ते. ती चालली कमी, शेडमध्ये उभी जास्त राहिली. मालकाची मुलं पुण्याला निघून गेली तेव्हा ती गाडी, कागदपत्रांसकट, बाबांच्या नावावर करून गेली. तीस वर्षं तिला पुसलं कोणी, तर बाबांनीच, म्हणून.

बाबांचं वय झालं, ते माझ्याकडे अकोल्याला आले, गाडीही आली. त्यांच्या मनात एकच होतं, अमरावतीला बहिणीच्या दारात ती गाडी एकदा नेऊन उभी करायची. दोनदा निघालो. दोन्ही वेळा मूर्तिजापूरच्या अलीकडे काटा लाल झाला आणि पुढून पाणी गळायला लागलं. तीन मिस्त्री झाले. एकानं सांगितलं, पाण्याचा पंपच गेला आहे. दुसऱ्यानंही तेच, आणि दोघांनीही तात्पुरता म्हणून लेप फासून दिला. तिसऱ्यानं काहीच सांगितलं नाही, नुसता लेप फासला. पाणी गळायचं थांबलं, आठवड्यानं पुन्हा सुरू झालं. बाबा तिघांनाही रोज सकाळी चहाबरोबर शिव्या द्यायचे.

कोणीतरी मला वहिनींचं नाव सुचवलं. मी घरी सांगितलं तर बाबा भडकले.

“बाईच्या हातात इंजन देतं? तुह्यं डोक्सं ठिकानावर हाय काय?”

मी शाळेत मराठी शिकवतो. वाद टाळणं हा माझा जुना रोग आहे. मी ‘बरं’ म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी बाबा दवाखान्यात बसलेले असताना गाडी टोचन करून वहिनींकडे नेली.

त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि मला त्यांच्या तोंडावर रागाशिवाय काहीतरी दिसलं. पण ते क्षणभरच. बॉनेट उघडल्यावर पंपाच्या कडेनं बाहेर आलेला लेप दिसला आणि कपाळाला आठ्या आल्या. त्यांनी तो भाग कोरडा पुसला, फळीवरून तोंडाला लावायच्या पावडरचा डबा काढला आणि पंपाच्या सांध्यावर भुरभुरवला. मग मला इंजिन सुरू करायला सांगितलं. थोड्या वेळानं पांढऱ्या पावडरीत खालच्या डाव्या कोपऱ्यातून एक ओली रेघ सरकत आली.

“पंप चांगला हाय,” त्या म्हणाल्या. “पंपाच्या बुडाशी हे बारीक भोक असते. पंप गेला असता तं पानी तथून आलं असतं. ते कोरडं हाय. हे पॅकिंगमधून येऊन राह्यलं.”

“दोघांनी पंप बदला म्हणून सांगितलं होतं.”

“सांगनारच. बदला म्हनलं की पाहा लागत नाई.”

त्यांनी पंखा काढला, पट्टा काढला. एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढला, त्यात भोकं पाडली आणि ज्या जागेचा बोल्ट निघेल तो त्याच जागी खोचत गेल्या. पंप सुटून हातात आला तेव्हा त्याच्या तोंडावर लेपाचे तीन थर होते. काळा, निळा, लाल. “तीन मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “तिघायचे तीन रंग. पयल्याचा काढाची तसदी दुसऱ्यानं घेतली नाई.” आणि तुटक्या ब्लेडनं खरवडायला बसल्या.

तेवढ्यात ऑटोतून बाबा उतरले. कोणी सांगितलं कोण जाणे. काठी टेकत थेट आत आले.

“हात काढा. माह्या गाडीले हात लावू नोका.”

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. बोटं पुसली, सगळी. मग म्हणाल्या, “गाडी उघडी हाय, बाबाजी. पंप माह्या मांडीवर हाय. अशीच नेता काय?”

बाबा स्टुलावर बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. मी मधे काहीतरी गुळमुळीत बोललो. दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

पंपाचं तोंड स्वच्छ झाल्यावर कोणीतरी पेचकस घालून उचकटल्याची खूण दिसली. त्यांनी काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर अंथरला, त्यावर पंप उलटा ठेवला आणि गोल गोल घासायला लागल्या. दहा वेळा घासायचं, उचलून बघायचं, पुन्हा दहा वेळा. दुपार सरत आली. बाबांची मान हळूहळू वर आली. मग स्टूल जरा पुढं सरकलं.

“नुसते बसून हायेत तं बॅटरी धरा,” त्या त्यांना म्हणाल्या. बाबांनी बॅटरी पेटवून पंपावर उजेड धरला.

मग त्यांनी पॅकिंगचा कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि लहान हातोडीनं कडेकडेनं टुक टुक करत गेल्या. कात्री नाही, काही नाही. लोखंडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जात होता आणि पंपाचा आकार हुबेहूब उतरत होता. रांगेतला जो तो मिस्त्री अडलेलं पॅकिंग घेऊन त्यांच्याकडेच का येतो, ते मला तेव्हा समजलं.

बसवायच्या आधी त्यांनी फड्याची, म्हणजे झाडूची, एक काडी मोडून घेतली आणि इंजिनाच्या प्रत्येक भोकात घालून खोली मोजली. एका भोकाशी थांबल्या. पुठ्ठ्यावरचा तिथला बोल्ट उपसून काडीशेजारी धरला.

“हा बोल्ट इथला नोहे. लांब हाय. भोकाच्या बुडाले टेकते अन् थांबते. आपल्याले वाटते आवळला, पंप तं दबतच नाई. सोन्याचं पॅकिंग टाकलं तरी गळन.” त्यांनी बोल्ट उजेडात फिरवला. “कोन्या गाढवानं टाकला हा?”

बॅटरीचा उजेड भलतीकडेच गेला.

“बॅटरी इकडं, बाबाजी.”

उजेड परत आला नाही. बाबा म्हणाले, “मी टाकला.”

माझे वडील चूक कबूल करणारे नव्हेत.

“दर्यापूरले. जुना तुटला होता. जिनिंगच्या मशीनचा एक भेटला, आटे बसले, म्हून टाकला. थोडा लांब हाय हे मले तवाच वाटलं होतं.”

“मंग त्या तीन मिस्त्रींले शिव्या काहून देल्या?” वहिनींनी विचारलं. शिव्यांचं मीच त्यांना आल्या आल्या सांगून बसलो होतो.

बाबांनी उजेड परत इंजिनावर आणला. “मले वाटलं, ते शोधतीन.”

त्या हसल्या. नाकातून, एकदाच. मग उठून बोल्टचं टोक घासायला गेल्या. त्यानंतर बोल्ट आवळताना एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा, असं चाललं आणि प्रत्येक फेरीला बाबा “आता वरचा” म्हणून सांगत होते आणि त्या “म्हाइत हाय मले” म्हणत होत्या. पण चिडून नाही.

त्या एप्रिलच्या उन्हात आम्ही अमरावतीला गेलो. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा बाबांनी काट्यावरची नजर काढली आणि पहिल्यांदा बाहेर बघितलं. आत्याच्या दारात गाडी उभी राहिली. आत्या गाडीभोवती फिरत होती आणि बाबा तिला बोल्टची गोष्ट सांगत होते, गाढव या शब्दासह. येताना त्यांनी वहिनींसाठी गिला वडा बांधून घेतला. त्या खाऊन म्हणाल्या, “थंडा झाला,” आणि सगळा संपवला. त्यानंतर बाबा आठवड्यातून दोनदा तिथं जाऊन बसायला लागले. त्या त्यांना बॅटरी द्यायच्या. ते त्यांना पोरी म्हणायला लागले होते.

इथपर्यंतचं मी खुशीत सांगतो. पुढचं सांगताना आजही माझे कान तापतात.

मग काही वर्षांनी रस्ता रुंद व्हायचं ठरलं आणि ती रांग उठणार होती. गॅरेजवाल्यांच्या मंडळानं गावाबाहेर जागा धरली होती आणि गाळे वाटायचे होते. नियम असा ठरला की गाळा स्वतःच्या हातानं काम करणाऱ्या मिस्त्रीलाच मिळेल. जुना सभासद वारला असेल आणि घरात दुसरं कोणी मिस्त्री नसेल, तर त्याच्या भावाला. वहिनींचा धाकटा दीर पुढं आला. त्याचं म्हणणं, मिस्त्री माझा भाऊ होता, वहिनी पाने-पेचकस हातात द्यायची. बाई माणूस, भावानंतर दुकान कसंबसं उघडं ठेवलं, एवढंच.

मंडळानं वहिनींना सांगितलं, तुम्ही स्वतः काम करता असं गिऱ्हाइकाकडून लिहून आणा. त्या माझ्याकडे आल्या. आयुष्यात त्यांनी कोणाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “सर, तुमी मास्तर हायेत. तुमचा कागद चालन.”

मी म्हणालो, लगेच लिहितो. लगेच लिहिलं असतं तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी दीर आला. गोड माणूस. त्याची मुलगी माझ्या वर्गात. चहा घेतला, बाबांच्या पाया पडला, जाताना मला फाटकापर्यंत घेऊन गेला.

“सर, घरची गोष्ट आहे. खोटं लिहा असं मी म्हणत नाही. फक्त जपून लिहा. उद्या आमचं घर एक होईल, वाईट तुम्ही व्हाल.”

मी तीन दिवस जपून लिहिलं. बैठकीच्या दिवशी दुपारी पत्र वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानं, मोठ्यानं वाचलं.

“सदर दुकानात माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीच्या पाण्याच्या पंपाचे पॅकिंग बदलण्याचे काम समाधानकारकरीत्या करण्यात आले.”

त्यांनी कागद उलटून मागं बघितलं. मागं काही नव्हतं.

“करण्यात आले,” त्या म्हणाल्या. “कोनं केलं ते कुठं हाय?”

“ते कळतंच ना. दुकानात तुम्हीच असता. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यायले म्हाइत हाय तं कागद काहून मागून राह्यले?”

मी म्हणालो, पाहिजे तर दुसरं लिहून आणतो. त्या म्हणाल्या, बैठक आता आहे. माझ्या खिशात पेन होतं. एक ओळ खाली लिहायची होती, ‘हे काम यांनी केले’. चार शब्द. मी पेनाला हात लावला नाही. का नाही, याची मी पुष्कळ कारणं नंतर शोधून काढली, आणि ती सगळी नीट, व्याकरणशुद्ध आहेत. खरं कारण एवढंच की दीर रस्त्याच्या पलीकडे उभा राहून आमच्याकडे बघत होता.

बैठक रांगेच्या टोकाला कडुलिंबाखाली झाली. पाच पंच खुर्च्यांवर, बाकीचे उभे. दीर बोलला, छान बोलला. मग पंचांनी विचारलं, वहिनींना काम करताना कोणी पाहिलं आहे काय. मी त्या घोळक्याकडे बघत होतो. त्यातला एकही मिस्त्री असा नव्हता, जो पॅकिंग कापायला त्यांच्या दारात गेला नव्हता. एकाच्या ट्रॅक्टरचं आदल्याच दिवशी कापून दिलं होतं, ते मी पाहिलं होतं. तो चपलेच्या टोकानं माती उकरत होता. दुसऱ्याला त्याच वेळी फोन आला. अडलं की वहिनी, आणि गाळा मागितला की बाई माणूस. कोणी त्यांना खोटं पाडलं नाही. कोणी बोललंच नाही. त्या गप्प उभ्या माणसांना मी आजही ओळखतो. त्यांच्याशी बोलतो, हसतो, आणि मनात चिडतो. मग आठवतं की त्यांच्यात मीही उभा होतो.

बाबा काठी टेकत पुढं गेले.

“मी पाह्यलं. सकायपासून संध्याकाळपर्यंत. पंप हिनं उतरवला, पॅकिंग हिनं कापलं, बोल्टची खोड हिनं काढली. बॅटरी मी धरली होती.”

पंचांपैकी वयस्कर होता तो समजुतीनं म्हणाला, “बाबाजी, तुमच्या पोराच्या पत्रात तसं नाही ना. अन् पोरगा तं मास्तर हाय.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वहिनींनी नाही बघितलं.

मी म्हणालो, “पत्रात काम झाल्याचं मी स्पष्ट लिहिलेलं आहे.”

या वाक्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. पंचांनी मान डोलावली. गाळा दिराला गेला.

मला वाटलं होतं, आता त्या फुटतील. बरणी आणून पंचांच्या डोक्यावर आपटतील. मनातून मला ते हवंही होतं, कारण त्या चिडल्या असत्या तर मला माझ्यावर कमी चिडावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, “ठीक हाय.” कमरेची गॅरेजची किल्ली काढून पंचांपुढं ठेवली आणि निघून गेल्या. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून मी ‘ठीक हाय’ ऐकलं नव्हतं. त्यांच्या लेखी कुठलीच गोष्ट कधी ठीक नसायची.

घरी आल्यावर बाबा कपडे न बदलता पलंगावर बसून राहिले. मग म्हणाले, “पोरायले कर्ता शिकवतं ना तू शाळेत?”

मी पाण्याचा पेला पुढं केला.

“मी सातवी शिकलो. मले म्हाइत हाय कर्ता काय असते.”

पावसाळा लागेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण सुनेकडे मागायचे, औषध स्वतः घ्यायचे.

वहिनी तिवस्याला भावाकडे गेल्या. मी दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेलो, दुसरं पत्र लिहून. त्यात कर्ता होता, पहिल्याच शब्दात. त्या ओसरीवर फवारणीचा पंप उघडून बसल्या होत्या. भावाच्या बायकोनं मला पाणी दिलं.

“बाबाजी कसे हायेत?” वहिनींनी विचारलं.

“बरे आहेत.”

“गाडी गळते?”

“नाही. एक थेंब नाही.”

“मंग झालं.”

मी पत्र काढलं. त्यांनी ते घेतलं नाही. हातातला वॉशर पंपाच्या काठीवर ओवत म्हणाल्या, “ठेवा तुमच्याजवळ. तुमाले लागन.”

रागानं म्हणाल्या असत्या तर मी ते विसरलो असतो. त्या अगदी सांभाळून म्हणाल्या, जसं एखाद्याला छत्री घेऊन जा म्हणून सांगावं. ते पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

नव्या जागेत दिराच्या गाळ्यावर सीटकव्हरं आणि भोंगे मिळतात. पाटीवर भावाचा फोटो आहे, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. तिथं कोणी इंजिन उघडत नाही. रांगेतले मिस्त्री आता सर्रास लेप फासतात. मी विचारलं तर एकानं सांगितलं, “पॅकिंग कापून देनारं राह्यलं कोन, सर?” तो असं म्हणत असताना त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायला मला फार जड गेलं, आणि त्याला मुळीच नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मोबाइलवर कोणीतरी वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा फोटो पाठवला. वहिनी गेल्या होत्या. छाती दुखली, तिवस्याहून अमरावतीला नेईपर्यंत संपलं. दोन दिवस उलटून गेले होते. बातमी दिरानंच दिली असावी, कारण त्याचं नाव खाली सगळ्यात आधी होतं.

मी बाबांपाशी बसलो. त्यांना आता दिसतं कमी, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे. ते अंगणात ऊन घेत तुरीच्या शेंगा सोलत होते. मी त्यांना बातमी वाचून दाखवली. त्या अत्यंत धार्मिक, शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. आदर्श गृहिणी म्हणून परिसरात परिचित होत्या. त्यांच्या पश्चात भाऊ, दीर, पुतणे असा आप्तपरिवार आहे.

बाबांचे हात थांबले. “अजून एकडाव वाच.”

मी पुन्हा वाचली. धार्मिक, शांत, मनमिळाऊ. गृहिणी.

“अजून काय लिवलं हाय?”

“एवढंच.”

“गॅरेजचं?”

“नाही.”

त्यांनी एक शेंग उचलली, अंगठ्यानं तिची शिवण उकलली आणि दाणे ताटलीत पाडले. मला वाटलं, रडतील. पण त्यांच्या तोंडावर राग होता.

“ही दुसरीच कोनी बाई असन,” ते म्हणाले. “आपली नोहे.”